एक ना धड... काय सोडायचं, आणि ते सांगायचं कुणाला?

भाराभर चिंध्या (धागाकर्ता)

मंडळी, मागच्या गुरुवारची गोष्ट. जर्मनच्या क्लासला बसलो होतो. मांडीवर फोन, फोनवर सोसायटीचा ग्रुप, टँकर आला की नाही यावर वाद चाललेला. बाईंनी विचारलं, तुमच्या घरात खोल्या किती? मी म्हणालो, दहा हजार लिटर. जर्मनमध्येच म्हणालो आणि व्याकरण बरोबर होतं, पण वर्ग अजून हसतोय.

वय ४७. सध्या अंगावर असलेली कामं सांगतो. हिंजवडीची नोकरी आणि तिथं जाण्यायेण्याचे रोजचे अडीच तास. सोसायटीचं सचिवपद (दोन वर्षांसाठी घेतलं होतं, पाचवं चालू आहे). शनिवारी पेटीचा क्लास. मंगळवार-गुरुवार जर्मन. डिसेंबरातल्या हाफ मॅरेथॉनसाठी पहाटे वेताळ टेकडी. मंडळाचा जमाखर्च, जो गणपती उठले की संपायला हवा, पण कोजागरी उलटली तरी पावत्या जुळत नाहीयेत. गच्चीत चाळीस कुंड्या. आणि आईच्या तपासण्या, महिन्यातून दोनदा.

कुणी विचारलं तर सांगतो, सगळं मस्त चाललंय. खरं सांगायचं तर सगळं काठावर पास चाललंय. भूप सोडून दुर्गावर यायला मला दीड वर्ष लागलं, आणि पेटीचे गुरुजी सभ्य आहेत म्हणून काही बोलत नाहीत.

'कमी करा पण नीट करा' हा सल्ला मला रोज कुणीतरी देतं. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. तुम्ही कधी चांगली चाललेली, आवडती गोष्ट ठरवून सोडली आहे का? कशी निवडली? सोडल्यावर काय झालं? कृपया पुस्तकांची नावं नकोत. ती विकत घेऊन ठेवली आहेत, वाचायला वेळ नाही.

तिरकस

दुपारी १ ते ४ दुकान बंद. पुण्याने हा शोध कधीच लावला होता, जगाने टिंगल केली. आता चितळेसुद्धा दुपारी उघडे असतात. शहराचं लक्ष उडालंय ते तेव्हापासून.

ठाण्याचा जावई

रुमाल टाकून ठेवतो. (माझ्याकडे असे सतरा धाग्यांवर रुमाल आहेत, हा माझा अनुभव समजा.)

अभ्यासिका खुर्ची ४२

दादा, सदाशिव पेठेत या. इथं हा प्रश्न रोज रात्री मेसमध्ये जेवताना चर्चेला असतो.

मी राज्यसेवेचा, तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी जो कुणी पास झाला त्याने सांगितलेलं प्रत्येक पुस्तक अप्पा बळवंत चौकातून आणलं. एकट्या इतिहासाची पाच. खोलीत कॉटखाली जागा उरली नाही म्हणून बॅग उशाशी घेऊन झोपायचो. प्रत्येक पुस्तक एकदा वाचलं आणि परीक्षेत चारपैकी दोन पर्याय 'कुठंतरी वाचल्यासारखे' वाटले. यापेक्षा वाईट अवस्था नाही. काहीच वाचलेलं नसतं तर निदान प्रश्न सोडून पुढे गेलो असतो.

यंदा विषयाला एक पुस्तक आणि स्वतःच्या नोट्स. सहावी उजळणी चालू आहे. मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून तर लिहिण्याचा सराव हाच खरा अभ्यास आहे, आणि त्याला वेळ वाचनातूनच काढावा लागतो.

पण एक खरं सांगतो. बाकीची चार पुस्तकं विकायला काढली तेव्हा हात थरथरत होते. ती वाचायची राहतील याचं काही वाटलं नाही. नेमका त्यातूनच प्रश्न आला तर, ही भीती होती. अजून आहे.

सुगरण नाही

धागा वाचला. सगळ्यांच्या कामांची यादी वाचली. माझ्या यादीत एकही छंद नाही हो. मी काय सोडू, पोळ्या?

रागाने नाही म्हणत. पण 'मी आता फक्त महत्त्वाचंच करणार' असं घरात एकाने ठरवलं की बिनमहत्त्वाचं सगळं आपोआप दुसऱ्याच्या अंगावर येतं. गॅसचा नंबर लावणं कुणालाच महत्त्वाचं वाटत नाही, सिलेंडर संपेपर्यंत.

तरी एक अनुभव सांगते, विचारलंय म्हणून. आमच्याकडे दिवाळीला नऊ पदार्थ व्हायचे. सासूबाईंच्या वेळेपासूनचा आकडा. ऑफिस सांभाळून आठ रात्री जागून नऊ पदार्थ करायचे, त्यातली चकली हमखास मऊ पडायची, कारण भाजणी घाईत भाजली जायची. दोन वर्षांपूर्वी जाहीर केलं की मी चकली आणि बेसनाचे लाडू करणार, बाकी विकत. भाजणी दोन रविवार लावून, एकेक धान्य वेगळं भाजून केली. चकली अशी झाली की डबा तिसऱ्या दिवशी तळाला.

आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याने चकली खातखात विचारलं, "यंदा अनारसे नाहीत का?"

तिरकस

हसून हसून पुरेवाट. अनारसे गेल्या दिवाळीतसुद्धा खाल्ले नसतील कुणी.

सुगरण नाही

नाहीच खायचे. पाडव्यापर्यंत ते ताटात तसेच फिरत असायचे. पण दिसायला हवेत.

रांगेत तिसरा

आयटीतला आहे, त्यामुळे आकडेमोड चुकवता येत नाही. तीन कामं घ्या, प्रत्येकाला चार दिवस लागतात. रोज एकेक दिवस आळीपाळीने केली तर पहिलं संपतं १०व्या दिवशी, दुसरं ११व्या आणि तिसरं १२व्या. एकामागून एक केली तर ४, ८ आणि १२. तिसऱ्याचं काडीचं नुकसान नाही. पहिल्याला सहा दिवस आधी मिळालं, दुसऱ्याला तीन दिवस. आणि यात एका कामावरून दुसऱ्यावर जाताना वाया जाणारा वेळ धरलेलाच नाही.

रांगांच्या गणितात जॉन लिटलने १९६१ मध्ये हेच मोठ्या स्वरूपात सिद्ध केलं. कामं संपवण्याचा वेग तोच राहिला, तर हातात जितकी जास्त कामं तितकं प्रत्येक काम रेंगाळतं. सरळ पटीत.

मग हे कळूनही माझी टीम तिन्ही कामं एकदम का सुरू करते? कारण एकामागून एक करायचं तर तिसऱ्या माणसाला आठव्या दिवशीसुद्धा "तुमच्या कामाला अजून हात लावलेला नाही" असं तोंडावर सांगावं लागतं. ते जिवावर येतं. त्यापेक्षा 'चालू आहे' म्हणणं सोपं. धागाकर्त्याच्या शीर्षकातला दुसरा अर्धा भाग म्हणून मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

भोसरीवाला

गणित बरोबर, पण निष्कर्ष अर्धवट.

माझं छोटं वर्कशॉप आहे, तीन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीनं. मंदीत जे मिळेल ते काम घेत गेलो आणि चाळीस प्रकारचे जॉब झाले. प्रत्येक वेळी जॉ बदला, टूल बदला, ऑफसेट घ्या, पहिला पीस तपासा. दोन तास सेटिंग आणि तीन तास उत्पादन. मलाही सगळ्यांनी सांगितलं, पाचच जॉब ठेव. ठेवले असते आणि त्यातलं एक गिऱ्हाईक गेलं असतं तर शटर खाली.

टोयोटाने काय केलं? कामाचे प्रकार कमी केले नाहीत, बदलायचा वेळ कमी केला. शिगेओ शिंगो नावाचा माणूस होता. प्रेसचा डाय (साचा) बदलायला जिथं तास लागायचे तिथं ते काम दहा मिनिटांच्या आत आणायची पद्धत त्याने बसवली. मशीन चालू असताना जी तयारी होऊ शकते ती आधीच करून ठेवायची, बंद मशीनवर फक्त जे अटळ आहे तेवढंच. आमचं सेटिंग आता पंचवीस मिनिटांवर आलंय. जॉब चाळीसच आहेत, आणि रात्री झोप लागते.

तेव्हा कामं कमी करा हा सल्ला बदलणं महाग असेल तर ठीक. आधी ते स्वस्त करता येतं का बघा.

रांगेत तिसरा

@भोसरीवाला, लोखंडाला मान्य. डोक्याचा डाय इतक्या लवकर निघत नाही. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये यावर प्रयोग मांडले होते. अर्धवट काम सोडून दुसऱ्यावर गेलं की लक्षाचा काही भाग मागच्याच कामाला चिकटून राहतो, आणि नवं काम त्या मानाने वाईट होतं. धागाकर्त्याचे दहा हजार लिटर त्यातलेच.

पण तुमच्याही बाजूचं एक आहे. त्यांनीच पुढे २०१८ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर दाखवलं की काम मध्येच थांबवण्याआधी मिनिटभर घेऊन 'कुठं थांबलोय आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं' एवढं लिहून ठेवलं तर चिकटणं कमी होतं.

भोसरीवाला

अहो, मग ते आमचं सेटअप शीट झालं! प्रत्येक जॉबचं मशीनला लटकवलेलं असतं. तुम्ही लोक परदेशातून आणता, आमच्याकडे ऑइलचे डाग पडलेलं आहे.

पोथीवाला

पुण्याचा धागा आहे आणि भांडारकर संस्थेचं नाव अजून आलं नाही, म्हणून लिहितो.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये संपलं. ४७ वर्षं, म्हणजे धागाकर्त्याच्या वयाइतकी. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेले वि. स. सुखटणकर १९४३ मध्ये गेले, त्यांना पूर्ण झालेलं काम पाहायला मिळालं नाही. त्यांच्यानंतर बेलवलकर आले, मग परशुराम वैद्य. देशभरातून जमवलेली १,२५९ हस्तलिखितं, छापलेले १९ खंड. एकच ग्रंथ.

पण मला सांगायचंय ते वेगळं. चिकित्सक आवृत्ती म्हणजे मुख्यतः गाळण्याचं काम. जुन्या आणि स्वतंत्र परंपरांच्या पोथ्यांत जे सापडत नाही ते मूळ संहितेतून बाहेर. त्यात किती लाडक्या गोष्टी गेल्या बघा. वस्त्रहरणाच्या वेळचा द्रौपदीचा कृष्णाचा धावा मुख्य संहितेत नाही. आणि व्यास सांगतात, गणपती लिहून घेतो, ही गोष्टसुद्धा नाही. पुण्यात बसून गणपतीला बाहेर काढायचं, याला काय छाती लागत असेल!

आता खरी गंमत. गाळलेलं फेकून दिलं नाही. प्रत्येक ओळ तळटीपेत किंवा परिशिष्टात जशीच्या तशी ठेवली, कुठल्या पोथीत आहे त्या खुणेसकट. उद्या कुणाला वाटलं की निर्णय चुकला, तर सगळा पुरावा समोर आहे. धागाकर्ते, तुम्हाला सोडायची भीती वाटते कारण तुमच्याकडे दोनच कप्पे आहेत, संहिता आणि कचरापेटी. मध्ये एक परिशिष्ट ठेवा.

निवृत्त पण हजर

पोथीवाल्यांचा प्रतिसाद आवडला, पण माझ्याच खात्यातला माणूस गाळला की त्यांनी! खुलासा खाली.

वय ७१. बँकेतून निवृत्त झालो आणि वेळ कसा जाणार या धास्तीने सात ठिकाणी नाव घातलं. हास्यक्लब, ज्येष्ठ नागरिक संघ, संस्कृत, ब्रिज, वाचनालयाची समिती वगैरे. दोन वर्षांत लक्षात आलं की नोकरीत असताना निदान रविवार तरी मोकळा असायचा. शिवाय सातही ठिकाणी मी 'आलात का, या बसा' एवढ्यापुरताच. मी नसलो तर कुणाचं काही अडत नव्हतं.

शेजारची एक दृष्टिहीन मुलगी बी.ए. करत होती. तिचा लेखनिक ऐन वेळी आला नाही म्हणून एक दिवस धावपळ झाली, आणि मी या कामाकडे वळलो. लेखनिक कोण चालतो याचे नियम प्रत्येक परीक्षेचे निराळे असतात, पदवीधर प्रत्येक ठिकाणी चालतोच असं नाही. जिथं चालतो तिथं मी जातो, बाकी वर्षभर मुलांना वाचून दाखवतो आणि पुस्तकं रेकॉर्ड करून देतो. बाकीची सहा कामं गेली, हास्यक्लब तेवढा ठेवला, तो आमच्याच बागेत असतो म्हणून.

निवड कशी केली म्हणाल, तर मी गेलो नाही तर कुणाचा पेपर बुडेल, एवढंच विचारलं. उत्तर एकाच ठिकाणी सापडलं.

कर्वेनगरची मावशी

निवृत्तकाका, नमस्कार करते तुम्हाला.

एकच काम धरून बसणारा म्हटलं की आमच्याकडे अण्णांचं, म्हणजे महर्षी कर्व्यांचं नाव निघतं. पण बारकाईने बघा. १८९१ पासून १९१४ पर्यंत ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. १८९३ मध्ये स्वतः पुनर्विवाह केला आणि त्याच वर्षी विधवाविवाहासाठी मंडळी काढली. १८९६ मध्ये आश्रम. म्हणजे अठरा वर्षं नोकरी आणि आश्रम दोन्ही. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. १९३६ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी नवीन मंडळ, आणि १९४४ मध्ये समता संघ. आयुष्य संपल्यावर मागे वळून बघणाऱ्याला ते एक काम दिसतं. करणाऱ्याला तेव्हा ते पाच-सहा कामांचं ओझंच वाटलं असणार.

आणि सुगरण नाही यांच्या प्रश्नाला जोड म्हणून एक. अण्णांचं लक्ष आश्रमात असताना घर कुणी चालवलं? बायांनी, म्हणजे आनंदीबाईंनी. त्या स्वतः नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेऊन आल्या होत्या. त्यांच्या आठवणी मिळाल्या तर वाचा, एकाग्र नवऱ्याचा संसार म्हणजे काय ते कळतं.

खुळखुळा

मी विरुद्ध पार्टी. मला चिंध्याच आवडतात. चिंध्यांची गोधडी होते, तागा नुसता कपाटात पडून राहतो.

दिनकर केळकरांना कुणी सांगितलं असतं की बाबा रे, एकाच गोष्टीवर लक्ष दे? चष्म्याचं दुकान, 'अज्ञातवासी' नावाने कविता, आणि गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दौती, कोरीव दरवाजे, वाद्यं गोळा करायची. वीस हजारांवर वस्तू झाल्या, आणि त्याचं आज बाजीराव रस्त्याजवळ संग्रहालय आहे. दिव्यांवरच थांबले असते तर आपण मस्तानी महालाचं दालन बघितलं असतं का?

पोथीवाला

अहो, पण जमवणं हे एकच काम झालं की.

खुळखुळा

ही तुमची नेहमीची पळवाट. यशस्वी झाला की म्हणायचं 'एकच काम', फसला की 'भाराभर चिंध्या'. अशाने धागाकर्त्याच्या सगळ्या उद्योगांना 'जगणं' म्हणून एकाच खात्यात टाकता येईल.

तिरकस

आणि त्याचा जमाखर्चही जुळणार नाही.

ठाण्याचा जावई

अवांतर: मिसळ करायची तर फक्त मिसळ करावी, हे नारायण पेठेत बेडेकरांकडे बसल्यावर पटतं. जिथं मेनूकार्डावर मिसळीच्या खाली चायनीज असतं तिथली तर्री आधीच बघून घ्यावी.

भोसरीवाला

मिसळीवर वेगळा धागा काढा. इथं सुरू झालं तर प्रतिसाद ४०० होतील आणि मूळ प्रश्न परिशिष्टात.

सुगरण नाही

धागाकर्ते गायब आहेत. बहुतेक टँकर आला.

भाराभर चिंध्या (धागाकर्ता)

आलो, आलो. तीन आठवडे झाले, माफी असावी. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले (उजळणी!). काय झालं ते सांगतो.

निवृत्तकाकांचा प्रश्न कागदावर लिहिला आणि एकेका कामापुढे उत्तर मांडलं. जर्मन सोडली तर कुणाचं अडतं? कुणाचंच नाही. सोडली. तेरा दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. चौदाव्या दिवशी बायकोने विचारलं, तू गुरुवारी घरी कसा? मला जरा अपमानच वाटला.

सचिवपद सोडायचं म्हटल्यावर मीटिंगमध्ये शांतता पसरली. मग "तुमच्याइतकं चांगलं कुणाला जमणार" वगैरे. एरवी मी इथंच विरघळतो. यावेळी रांगेत तिसरा यांचं वाक्य आठवलं आणि सरळ म्हणालो, ३१ तारखेनंतर मी टँकरवाल्याचा फोन उचलणार नाही. पाणी एकाने घेतलं, लिफ्ट आणि सुरक्षा दुसऱ्यांनी. हिशेब अजून माझ्याकडेच आहे, कुणी तयार नाही. म्हणजे पाऊण सुटलो.

मंडळाच्या पावत्या जुळल्या. दोन रात्री फक्त तेवढंच घेऊन बसलो. ३५० रुपयांचा फरक होता, मांडववाल्याची एक पावती दोनदा लिहिली होती. पुढच्या वर्षी जमाखर्च नको म्हणून आत्ताच सांगून आलो. हाफ मॅरेथॉनचं नाव मागे घेतलं, टेकडी चालू आहे.

आता कुंड्या. मी मोठ्या ऐटीत घरी जाहीर केलं की बाग सोडली. बायको म्हणाली, "सोडली म्हणजे? पाणी कोण घालतंय आठ दिवस?" तेव्हा सुगरण नाही यांचा प्रतिसाद तिला वाचून दाखवायची चूक केली. तिने तो ऑफिसच्या मैत्रिणींना पाठवलाय. निकाल असा की बारा कुंड्या राहतील, कढीपत्ता, गवती चहा, मोगरा आणि तिने निवडलेल्या नऊ. अठ्ठावीस द्यायच्या आहेत.

आईच्या तपासण्या बहिणीबरोबर वाटून घ्यायचं डोक्यात होतं. पण मागच्या वेळी फोन बंद ठेवून बसलो तर आई रांगेत तासभर बोलत होती, १९७८ मध्ये त्यांच्या वाड्यातल्या विहिरीत पडलेल्या शेळीबद्दल. हे काम मी वाटून घेणार नाहीये.

पेटीचं ठरत नाही. तूर्तास परिशिष्टात.

अभ्यासिका खुर्ची ४२

दादा, पेटी विकू नका. मी चार पुस्तकं विकली, त्यातलं एक गेल्या आठवड्यात दुप्पट भावाने परत आणलं.

तिरकस

प्रश्न आला वाटतं त्यातून?

अभ्यासिका खुर्ची ४२

सराव पेपरात. दोन.

कर्वेनगरची मावशी

धागाकर्ते, मोगऱ्याची कुंडी राहणार म्हणालात, पण अठ्ठावीसमध्ये सोनचाफा आहे का? असल्यास मला हवा. दुसरा मजला आहे, लिफ्ट नाही, आणि कुंडी वर आणून द्यावी लागेल.

भाराभर चिंध्या (धागाकर्ता)

आहे. शनिवारी क्लासच्या वेळात घेऊन येतो.